मुओस्ताखच्या समुद्रतळाखाली: हिमयुगात गोठलेली जमीन किती उरली आणि का?

सैबेरियात लेना नदी लाप्तेव्ह समुद्राला मिळते, तिथे त्रिभुज प्रदेशाच्या आग्नेयेला बुओर-खाया नावाचा उथळ उपसागर आहे. त्यात, तिक्सी बंदराच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर, मुओस्ताख हे चिंचोळे बेट आहे. हे बेट झिजत चालले आहे. १९५१ ची हवाई छायाचित्रे आणि अलीकडची उपग्रहचित्रे शेजारी ठेवली, तर सुमारे साठ वर्षांत त्याचे २४ टक्के क्षेत्रफळ आणि ४० टक्के आकारमान गेलेले दिसते. किनारा सरासरी वर्षाला १.८ मीटर मागे सरकला आहे.

आपल्याला पाहायचा आहे तो मात्र बेट हटल्यावर मागे राहिलेला समुद्रतळ. १९८२-८३ मध्ये सोव्हिएत भूवैज्ञानिकांनी किनाऱ्यापासून समुद्राकडे एका रेषेत बोअर घेतले होते. किनाऱ्याशी गोठलेला थर लगेच लागला. जसजसे दूर जावे तसतसा तो खोल जात समुद्रसपाटीखाली १४ मीटरपर्यंत पोहोचला. तीसेक वर्षांनी त्याच रेषेवर पुन्हा बोअर घेतले, तेव्हा गोठलेल्या थराचा माथा सरासरी वर्षाला १४ सेंटिमीटर या वेगाने खाली गेलेला आढळला.

आकडा गाजला, आणि तो खोटाही नाही. पण एक साधा गुणाकार करून पाहा. याच समुद्राचा आज ३० मीटर खोल असलेला भाग सुमारे ९,००० वर्षांपूर्वी पाण्याखाली गेला. वर्षाला १४ सेंटिमीटर धरले, तर तिथे आजवर १,२६० मीटर वितळायला हवे होते. या भागात गोठलेल्या थराची जाडीच मुळात काहीशे मीटर. म्हणजे किनाऱ्यापासून जरा दूर काहीच उरायला नको. तरीही सगळ्या आर्क्टिक उथळ समुद्रांखाली मिळून सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर शून्याखालची जमीन असावी, असा संगणकी प्रारूपांचा (मॉडेलांचा) अंदाज आहे आणि तिचा मोठा वाटा सैबेरियाच्या समुद्रांखाली आहे. हिशेब कुठे चुकतो, ते समजायला हिमयुगापासून सुरुवात करावी लागते.

आधी गोठवले कोणी?

शेवटच्या हिमयुगाच्या शिखरकाळी, म्हणजे साधारण २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. आज मुंबई हायच्या तेलविहिरी ज्या पाण्यात उभ्या आहेत, तो तळही तेव्हा कोरडा होता. लाप्तेव्ह समुद्राचा निम्म्याहून जास्त भाग ५० मीटरपेक्षा उथळ. त्यामुळे समुद्र काही थोडाफार मागे हटला नाही, उत्तरेला शेकडो किलोमीटर मोकळे मैदान पडले.

कळीची गोष्ट अशी, की या मैदानावर हिमचादर नव्हती. ‘हिमयुग’ म्हटले की किलोमीटरभर जाड बर्फ डोळ्यांसमोर येतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. जाड हिमचादर जमिनीला थंडीपासून वाचवते. गोधडीसारखी ती पृथ्वीच्या पोटातली उष्णता खाली कोंडून धरते आणि तिच्या बुडाशी तापमान बऱ्याचदा वितळणबिंदूच्या जवळ असते. बॅरेंट्स समुद्र आणि कारा समुद्राचा पश्चिम भाग अशा चादरीखाली होते. तिथे समुद्रतळाखाली गोठलेली जमीन नाही किंवा तुटक आहे. पूर्व सैबेरियात बर्फ पडण्याइतका ओलावाच नव्हता. कोरडी, उघडी जमीन उणे १५ अंश किंवा त्याहून थंड वार्षिक सरासरीला हजारो वर्षे पडून राहिली.

किती खोल गोठेल, याचा ठोकळ हिशेब हातानेही जमतो. खालून येणारी उष्णता दर चौरस मीटरला ०.०५५ वॉट, गोठलेल्या गाळाची उष्णतावाहकता २.७ आणि पृष्ठभाग उणे १५ अंश धरा. १५ गुणिले २.७ भागिले ०.०५५, म्हणजे सुमारे ७३५ मीटर. ही समतोलाची जाडी झाली. तिथे पोहोचायला वेळ लागतो. थर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पहिले १०० मीटर चारेकशे वर्षांत गोठतात, पण ४०० मीटरला सोळापट वेळ लागतो. शिवाय या हिशेबात खालची उष्णता आणि खडक थंड करण्याचा खर्च धरलेला नाही. तो धरला, की शेवटच्या दोनेकशे मीटरसाठी दसहजारो वर्षे जातात.

म्हणून प्रत्येक ठिकाणाची आजची समुद्रखोली महत्त्वाची. हिमचक्र सुमारे एक लाख वर्षांचे असते, पण पातळी तळाला जाऊन टेकते ती थोडाच काळ. आज १० मीटर पाण्याखाली असलेली जागा त्या लाख वर्षांपैकी बहुतांश काळ उघडी होती. १०० मीटर खोलीची जागा जेमतेम शिखरकाळात उघडी पडली. पहिलीला गोठायला ऐंशी-नव्वद हजार वर्षे मिळाली, दुसरीला पंधरा-वीस हजार. त्यामुळे गोठलेला थर किनाऱ्याकडे जाड आणि खंडमंचाच्या (खंडाला लागून असलेल्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला पातळ होत जाणाऱ्या पाचरीसारखा असतो. त्याच्या पोटात आधीच्या चक्रांचा उरलेला हिशेबही असतो. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळात समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता. तेव्हा साचलेला खारट सागरी गाळ नंतर थंडीत सापडला, पण त्यातले मीठ कुठे जाणार? असे खारट पट्टे गोठलेल्या जमिनीतही अर्धवट द्रव राहतात. एकाच चक्राचे प्रारूप चालवून जुळणी होत नाही, म्हणून जाणकार चार-साडेचार लाख वर्षे मागून सुरुवात करतात.

बेटाचा कडा जवळून पाहिला, तर ही थंडी कशी साठली ते दिसते. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात भेगेत वितळलेले पाणी उतरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात तीच भेग पुन्हा उघडते. हजारो वर्षे हे चालले, की मीटरभर ते काही मीटर रुंद आणि कड्याच्या उंचीएवढ्या बर्फाच्या पाचरी तयार होतात. त्यांच्यामध्ये गाळ, गवताची मुळे आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) यांचे खांब उरतात. याला येडोमा म्हणतात. आकारमानाने त्यात ८० टक्क्यांच्या आसपास बर्फ असू शकतो. लाट कड्याच्या पायथ्याशी खाच कोरते, वरचा ठोकळा पाचरीच्या रेषेवर तुटून खाली येतो, आणि २० मीटर उंचीच्या जमिनीतून चारेक मीटर चिखल उरतो. बेट बुडत नाही, विरघळते.

पाणी चढले तेव्हा

पाणी एकाच वेगाने आले नाही. आजची ५० मीटर खोलीची रेषा सुमारे ११,००० वर्षांपूर्वी बुडाली, ३० मीटरची सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, आणि आजच्या पातळीला समुद्र साधारण ५,००० वर्षांपूर्वी आला. त्यानंतर पाणी चढून नव्हे, तर कडा झिजून किनारा सरकतो आहे. मुओस्ताख या दुसऱ्या टप्प्यातले आहे. एकीकडची वितळ दुसरीकडे लावणे ही पहिली चूक.

बुडताना सगळी जमीन सारखी गोठलेलीही नव्हती. पाणी यायच्या आधीच हवा उबदार झाली होती. येडोमाच्या मैदानात खड्डे पडून तळी साचली होती, आणि खोल तळ्याखाली जमीन गोठलेली राहत नाही. अशा न गोठलेल्या खिशाला तालिक म्हणतात. समुद्राने आधी ही तळी फोडली, त्यांची खाजणे केली आणि मग पुढे सरकला. आजच्या समुद्रतळाखाली दोन बोअरमध्ये किलोमीटरचेही अंतर नसताना एकात १० मीटरवर बर्फ लागतो आणि दुसऱ्यात लागतच नाही, त्याचे कारण बऱ्याचदा जुन्या तळ्याची जागा असते.

पाण्याखाली गेल्यावर जमिनीच्या माथ्यावरचे तापमान एका फटक्यात उणे १२ वरून उणे एक-दीडवर येते. थंडी संपत नाही, पण दहा-अकरा अंशांचा फरक नाहीसा होतो. पुढची दोन-तीन हजार वर्षे थर नुसता आतून गरम होत राहतो आणि शेवटी वरपासून खालपर्यंत जवळपास एकाच तापमानाचा होतो. मग खालून येणारी उष्णता वर निघून जायला तापमानाचा उतारच उरत नाही; ती सगळी बुडाचा बर्फ वितळवण्यात जाते. ०.०५५ वॉटची वर्षभराची उष्णता म्हणजे १.७ मेगाज्यूल. ३५ टक्के सच्छिद्र गाळातला एक घनमीटर वितळवायला सुमारे १०७ मेगाज्यूल लागतात. भागाकार दीड सेंटिमीटरच्या जरा वर येतो. ८,००० वर्षांपूर्वी बुडालेल्या जागी गरम होण्याचा काळ वगळला, तरी ८० ते १०० मीटर थर बुडातूनच गेला असणार. वरून होणारी वितळ मोजता येते म्हणून तिचीच चर्चा होते. बुडाची वितळ बोअरच्या आवाक्याबाहेर आहे म्हणून विसरली जाते.

मिठाचा हिशेब

तळाचे पाणी उणे एक अंश असेल, तर वरून वितळतेच कसे? पॉटचे आइस्क्रीम फिरवलेल्यांना उत्तर माहीत आहे: बर्फात खडे मीठ टाकले, की तो शून्याखालीही पाणी होतो. ३० भाग प्रतिहजार क्षारतेचे पाणी उणे १.६ अंशाला गोठते. म्हणजे उणे १.२ अंशाच्या गाळात गोडे पाणी असेल तर तो दगडासारखा घट्ट, आणि समुद्राचे पाणी शिरले तर मऊ चिखल. तापमान तेच. व्याख्येचा गोंधळ इथूनच होतो. दोन वर्षे सलग शून्याखाली राहिलेली कोणतीही जमीन ‘पर्माफ्रॉस्ट’, मग तिच्यात बर्फ असो वा नसो. बोअरच्या नोंदीत ‘थंड पण सुटा’ आणि ‘बर्फाने बांधलेला’ हे दोन रकाने वेगळे नसतील, तर ती नोंद या कामाला जवळजवळ निरुपयोगी.

मीठ आत कसे जाते, यावर वेग ठरतो. नुसत्या विसरणाने, म्हणजे साचलेल्या पाण्यात आपोआप पसरत, ते फार हळू उतरते. गाळातला विसरणांक सेकंदाला चौरस मीटरच्या एक अब्जांश भागाच्या निम्म्याएवढा धरला, तर २,५०० वर्षांत मिठाची पुढची फळी १२-१३ मीटर जाते. आता पश्चिम लाप्तेव्हमधल्या मामोंतोव्ह क्लिक भूशिराचे उदाहरण घ्या. २००५ मध्ये रशियन-जर्मन पथकाने तिथे पाच बोअरची रांग घेतली. जमिनीवरच्या बोअरमध्ये तापमान सुमारे उणे १२ होते. ११.५ किलोमीटर आत, ६ मीटर पाण्यातल्या बोअरमध्ये ते उणे एक-दीडच्या आसपास, आणि बर्फाने बांधलेला थर समुद्रसपाटीखाली ३५ मीटरवर, म्हणजे तळाखाली २९ मीटरवर. किनारा वर्षाला साडेचार मीटर झिजतो. त्या हिशेबाने ही जागा सुमारे २,५०० वर्षांपूर्वी बुडाली. सरासरी वितळ वर्षाला सव्वा सेंटिमीटरच्या आत. मुओस्ताखच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही, पण नुसत्या विसरणाला झेपेल त्यापेक्षा दुपटीहून जास्त. हिवाळ्यात समुद्राचा बर्फ धरताना बाहेर फेकलेले जड खारे पाणी गाळातून खाली झिरपत असावे, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण.

मुओस्ताखच्या रेषेवर हाच वेग काळानुसार पडताना दिसतो. बुडाल्यावर लगेच वर्षाला ०.४ मीटरहून जास्त. ६० ते ११० वर्षांत ०.१ मीटरच्या आसपास. पुढे थर जितका खोल, तितकी उष्णता आणि मीठ दोन्ही उशिरा पोहोचतात. १४ सेंटिमीटर हा पहिल्या शतकाचा वेग आहे. तो ९,००० वर्षांना लावला, म्हणून सुरुवातीचा गुणाकार कोसळला.

किनाऱ्यालगतच्या दोन मीटर खोलीपर्यंत आणखी एक अपवाद आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ थेट तळाला चिकटतो. बर्फ पाण्यापेक्षा उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे तळ उणे दोनच्या बराच खाली जातो आणि गोठलेला थर टिकतो, कधी परत धरतोही. पलीकडे लेनाचे उन्हाळी कोमट पाणी उलट काम करते. दोनांचे तीन मीटर झाले, की चित्र बदलते.

मोजताना काय बिघडते

बोअर एप्रिलमध्ये घेतले जातात. किनाऱ्याला जखडलेला समुद्री बर्फ तेव्हा दोनेक मीटर जाड असतो आणि दिवस मोठा. बर्फाला भोक पाडून केसिंग पाइप तळात आणि सुट्या चिखलातून पार गोठलेल्या थरात रुतवावा लागतो. तो जरा वर राहिला, की समुद्राचे पाणी भोकात उतरते, मीठ भिंत वितळवते आणि आपण स्वतःच केलेली वितळ मोजू लागतो. म्हणून ड्रिलिंगही शक्यतो कोरडे करतात, चिखलपाणी न वापरता. गाभा, म्हणजे बोअरमधून निघालेला गाळाचा दंड, वर आला, की लगेच तापमान, मग बर्फाचे प्रमाण आणि पिळून काढलेल्या पाण्याची क्षारता. बिटच्या घर्षणाने भोक तापलेले असते. तापमापकांची माळ सोडून आकडे स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. पहिल्या दिवशीचा आकडा नेहमी उबदार येतो.

बोअर एका बिंदूचे सांगतो. मधले अंतर भरायला विद्युत रोधकता मोजतात. लहान बोटीमागे इलेक्ट्रोड लावलेली तरंगती केबल ओढायची, सोबत खोलीमापक आणि पाण्याची वाहकता. खारट सुटा गाळ काही ते काही दहा ओहम-मीटर दाखवतो, बर्फाने बांधलेला शेकडो ते हजारो. फरक ठळक आहे, पण पाणी खारे असेल तर बहुतेक वीज पाण्यातूनच निघून जाते आणि खालचा संकेत क्षीण होतो. बुओर-खायात वर लेनाचे गोडे पाणी आणि खाली खारे असे दोन थर असतात. सगळ्या पाण्याला एकच वाहकता दिली, तर गणित ती चूक तळाखाली ढकलते आणि बर्फाचा माथा वर किंवा खाली सरकतो. निदान एक बोअर त्याच रेषेवर असल्याशिवाय अशा छेदावर विसंबू नये. १९८२-८३ ची रेषा होती, म्हणूनच मुओस्ताखला २०११ मध्ये घेतलेल्या विद्युत छेदाला वजन आले.

मिथेनचे प्रकरण

सगळे लक्ष मिथेनवर असते, आणि तिथे घाई फार झाली आहे. पूर्व सैबेरियाच्या समुद्रातून वर्षाला ८० लाख टन मिथेन हवेत जाते, असा अंदाज २०१० मध्ये आला; २०१४ मध्ये तो १ कोटी ७० लाख टनांवर गेला; नंतर जहाजावरून केलेल्या मोजणीत सुमारे ३० लाख टन निघाला. बुओर-खायात ५२ मीटर खोल बोअर घेतला, त्याचे निकाल इथे जास्त बोलके आहेत. गोठलेल्या थरात मिथेन सरासरी ३८० मायक्रोमोल प्रतिलिटर, वरच्या सुट्या गाळात फक्त २०. बर्फाच्या माथ्याला लागूनच ते १९० वरून १९ वर येते, आणि उरलेल्या मिथेनमधल्या कार्बन-१३ चा, म्हणजे जड कार्बनच्या प्रमाणाचा, आकडा उणे ६३ वरून उणे ३५ प्रतिहजारवर जातो. हलका कार्बन आधी खाल्ला जातो, त्याची ही खूण. म्हणजे समुद्रातून उतरलेल्या सल्फेटच्या जोरावर सूक्ष्मजीव वाटेतच मिथेन संपवतात. तिथल्या वितळीतून वर्षाला दर चौरस मीटर १२० मिलिग्रॅम सुटू शकले असते. पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

मग समुद्रात जिथे बुडबुड्यांचे स्तंभ दिसतात तिथे काय? लाप्तेव्हच्या बाहेरच्या भागातल्या वायूची समस्थानिके (हलक्या-जड कार्बनचे प्रमाण) खोल, जुन्या, उष्णतेने बनलेल्या साठ्याकडे बोट दाखवतात. तिथे थर मुळात पातळ, सर्वांत आधी बुडालेला, भेगा आणि तालिक यांनी सच्छिद्र झालेला. बर्फ तिथे वायूचा उगम नसून झाकण आहे, आणि झाकणाला भोके हिमचक्राच्या वेळापत्रकाने पडली आहेत. समुद्रबूड पर्माफ्रॉस्टमध्ये सुमारे ५६० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यातला किती किनाऱ्याच्या चिखलात खपेल आणि किती अशा भोकांतून जाईल, हे एका सरासरीत बसवता येत नाही.

मंचाच्या कडेला काय होते, ते कॅनडाच्या बोफर्ट समुद्रात दिसले आहे. १२० ते १५० मीटर पाण्यात, म्हणजे हिमयुगातल्या किनाऱ्याच्या आसपास, २०१० ते २०१९ या काळातल्या मोजण्यांत तळाला नवे खड्डे पडलेले आढळले. सर्वांत मोठा २२५ मीटर लांब, ९५ मीटर रुंद, २८ मीटर खोल. कारण अलीकडची तापमानवाढ नव्हे. हिमयुग संपल्यापासून बर्फाखालून कडेकडे येणारे भूजल.

मुओस्ताखला परत येऊ. बेटाच्या वेगाने झिजणाऱ्या बाजूला गोठलेल्या थराच्या माथ्याचा उतार १ टक्का आहे, स्थिर बाजूला ५ टक्के. किनारा वर्षाला १० मीटर हटत असेल, तर १ टक्का उतार म्हणजे वर्षाला १० सेंटिमीटर वितळ. किनारा हळू हटत असेल, तर तितक्याच अंतरावरची जागा कितीतरी आधी बुडालेली असते आणि बर्फ तिथे खोल गेलेला असतो. झीज आता वाढते आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर, समजा २०० मीटरवर, पुढच्या खेपेला बोअर घेतला, तर बर्फ आजच्यापेक्षा कमी खोलीवर लागेल. तो कमी वितळल्यामुळे नव्हे. ती जागा कालपरवापर्यंत बेट होती म्हणून. नोंदवहीत खोलीच्या शेजारी बुडाल्याचे साल लिहिलेले नसेल, तर वाचणारा उलटाच अर्थ काढील.